काळं भांडं काय सिद्ध करतं? केजन स्वयंपाकावरची तीन पुस्तकं वाचताना

सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना हल्ली एक विषय वारंवार कानावर येतो: अन्न आणि स्मृती. आजीच्या हातची चव, घरातली जुनी भांडी, वहीत उतरवून ठेवलेल्या पाककृती. विषय चांगलाच आहे, त्यात वाद नाही. अडचण नंतर येते. या विषयाचे सोर्स इतके गोड बोलतात की त्यांना उलट प्रश्न विचारायला जीभच रेटत नाही. मग लिटरेचर रिव्ह्यूच्या जागी कौतुक लिहिलं जातं आणि व्हायवाला परीक्षक विचारतात, "हे सगळं खरं कशावरून?"

म्हणून आज मुद्दाम दूरचं उदाहरण घेऊ. तिथे आपली आजी नाही, त्यामुळे डोळे पाणावायची भीती नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातला केजन स्वयंपाक आणि त्याच्याशी कायमचं जोडलं गेलेलं बिडाचं काळं भांडं. 'केजन' हा शब्द तुम्ही बहुतेक मसाल्याच्या पुडीवर किंवा बार्बेक्यूच्या हॉटेलात 'केजन पोटॅटो' म्हणून वाचला असेल. त्या बटाट्यांचा आणि लुइझियानातल्या घरगुती जेवणाचा संबंध फार लांबचा आहे. तो इतका लांबचा कसा झाला, तेही या निमित्ताने कळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी

अकेडियन हे फ्रेंच बोलणारे लोक. ते आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागात राहत. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना तिथून हाकलायला सुरुवात केली. कोणी अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत गेले, कोणी फ्रान्सला पोचले. १७६० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांचे गट लुइझियानात येऊ लागले आणि १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजांतून सुमारे १,६०० जण आले. 'अकेडियन' हा शब्द बोलता बोलता झिजला आणि 'केजन' झाला.

त्यांच्या घरगुती जेवणातले नेहमीचे पदार्थ म्हणजे भातावर वाढायचा गंबो हा दाट रस्सा, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवलेलं एतुफे, मांसाच्या खरपूस रसातला राइस अँड ग्रेव्ही, मक्याच्या पिठाचं कुश-कुश. यातल्या कितीतरी पदार्थांची सुरुवात 'रू'ने होते. चरबी किंवा तेलात मैदा घालायचा आणि रंग बदामी, मग तांबूस, मग जवळजवळ चॉकलेटी होईपर्यंत ढवळत राहायचं. हात थांबला की करपलं, आणि करपलं की फेकून पुन्हा पहिल्यापासून. मैदा जितका गडद होतो तितकी चव खोल होते, पण रस्सा दाट करण्याची त्याची ताकद कमी होते, कारण उष्णतेने त्यातलं स्टार्च तुटतं.

या कामाला जाड बुडाचं भांडं लागतं. ओतीव लोखंड, म्हणजे आपलं बीड, हळू तापतं आणि तापलं की उष्णता धरून ठेवतं. तेल पाजून पाजून त्याच्यावर जो काळा, गुळगुळीत थर चढतो तो खरं तर तेलाचाच असतो. पातळ तेलाचे रेणू उष्णतेने एकमेकांना जोडले जाऊन कडक होतात. लुइझियानात याला सरळ 'ब्लॅक पॉट' म्हणतात. लाफायेट शहरात त्याच्या नावाने एक संगीत आणि स्वयंपाकाचा उत्सवही भरतो.

इथवर सगळं छान आहे. आता पुस्तकांकडे वळू.

तीन पुस्तकं, तीन आवाज

पहिलं पुस्तक १९८४ चं, शेफ पॉल प्रुडोम यांचं 'लुइझियाना किचन'. प्रुडोम १९४० मध्ये ओपलूससजवळच्या शेतकरी कुटुंबात जन्मले, तेरा भावंडांत सगळ्यांत धाकटे. आईच्या बरोबरीने स्वयंपाकघरात वाढले. १९७९ मध्ये त्यांनी पत्नीसह न्यू ऑर्लिन्समध्ये 'के-पॉल्स' हे रेस्तराँ सुरू केलं, आणि पुढच्या काही वर्षांत 'केजन' हा शब्द अमेरिकाभर गेला.

पुस्तक नीट वाचलंत तर एक गोष्ट लक्षात येते. प्रुडोम परंपरेचे पहारेकरी असल्याचा आव आणत नाहीत. जुनी पद्धत म्हणजे मंद आचेवर फार वेळ ढवळलेला रू, असं ते सांगतात आणि मग स्वतःची पद्धत देतात: तेल कडकडीत तापवायचं, मैदा थोडा थोडा घालायचा, काही मिनिटांत रू तयार. आई प्राण्यांची चरबी वापरायची, ते तेल वापरतात. म्हणजे एका पिढीत चरबी बदलली, आच बदलली, वेळ बदलला, आणि हा बदल लेखकाने लपवलेला नाही.

त्यांचा सगळ्यांत गाजलेला पदार्थ मात्र 'ब्लॅकन्ड रेडफिश'. माशाचा तुकडा लोण्यात बुडवायचा, मसाला लावायचा आणि धुराच्याही पलीकडे तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकायचा. धूर इतका होतो की साध्या घरात हे करणं कठीणच. हा पदार्थ रेस्तराँत जन्माला आला. लुइझियानातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तो होत होता, असं अजिबात नाही. तरीही जगाने तोच 'अस्सल केजन' म्हणून उचलला. रेडफिशची मागणी इतकी वाढली की १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आखातात त्याच्या व्यावसायिक मासेमारीवर निर्बंध आणावे लागले. 'केजन' म्हणजे तिखट, मसाला चोपडलेलं, काळसर भाजलेलं, ही समजूत तेव्हाची. तुमच्या त्या बटाट्यांचं कुळही तिथेच सापडेल.

इथे धातूकडे बघा. घरातलं बीड काय करत होतं? मंद आच, रस्सा, तासन्‌तास. रेस्तराँतलं बीड काय करतंय? प्रचंड आच, कोरडं, दोन-चार मिनिटं. धातू तोच, स्वयंपाक पार उलटा. 'बिडाच्या भांड्यातला केजन स्वयंपाक' असं एक वाक्य लिहून या दोन्ही गोष्टी त्यात कोंबल्या, तर वाक्य खोटं ठरत नाही, पण त्यातून काही कळतही नाही. संशोधनात अशी वाक्यं फार धोकादायक असतात, कारण ती कोणी खोडत नाही.

दुसरं पुस्तक १९९१ चं, मार्सेल बिएनवेन्यू यांचं. त्याच्या लांबलचक नावाचा अर्थ साधारण असा: 'तुझी आई कोण, तू कॅथलिक आहेस का, आणि तुला रू करता येतो का?' कुटुंबाच्या आठवणी आणि पाककृती यांची गुंफण आहे. वाचायला अत्यंत सुखाचं. घरात वाढणाऱ्या माणसांबद्दल, सणावाराबद्दल, शिकारीहून आणि मासेमारीहून आलेल्या जिनसांबद्दल माहिती हवी असेल तर हे पुस्तक हातचं सोडू नका.

पण नावाकडे पुन्हा बघा. गमतीत विचारलेले तीन प्रश्न आहेत, आणि तिन्ही मिळून एक दार तयार होतं. पहिला प्रश्न कूळ विचारतो, दुसरा धर्म, तिसरा हातातलं कसब. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जन्माने मिळतात, तिसऱ्याचं उत्तर शिकून मिळतं. मग तिसरं उत्तर 'हो' असलेली, पण पहिल्या दोन प्रश्नांत न बसणारी माणसं कुठे गेली? लुइझियानात अशी माणसं भरपूर होती. त्यांच्याकडे आपण येऊच.

तिसरं पुस्तक २००५ चं 'स्टर द पॉट'. लेखक तीन: इतिहासकार कार्ल ब्रासो, रायन ब्रासो आणि पुन्हा मार्सेल बिएनवेन्यू. केजन पदार्थ कॅनडातून जसेच्या तसे आले आणि टिकून राहिले, हा समज खोडून काढणं हा या पुस्तकाचा मुख्य उद्देश. अन्न बदलत गेलं, परिस्थितीप्रमाणे, शेजाऱ्यांप्रमाणे, बाजाराप्रमाणे, अशी मांडणी. तिन्हींत संशोधन म्हणून हेच सर्वांत भक्कम.

त्यातली एक ओढाताण मात्र टिपून ठेवण्याजोगी आहे. पुस्तकात इतिहास आहे आणि पाककृतीही आहेत. इतिहासाची भाषा भूतकाळाची: असं होतं, मग असं झालं. पाककृतीची भाषा आज्ञेची: कांदा चिरा, मैदा घाला. आज्ञेला तारीख नसते. एकाच जिल्दीत एक प्रकरण म्हणतं 'हे सतत बदललं' आणि लगेच पुढचं पान म्हणतं 'हे असं करा'. वाचक घरी काय घेऊन जातो? बहुधा दुसरं. लेखकांचा हा दोष म्हणण्यापेक्षा ती पाककृती या प्रकाराचीच मर्यादा आहे. तुमच्या प्रबंधात परिशिष्ट म्हणून पाककृती जोडणार असाल, तर प्रत्येकीखाली कोणी सांगितली, कोणत्या वर्षी, कोणत्या चुलीवर, हे लिहा. एवढ्यानेही आज्ञेला तारीख मिळते.

आणखी एक. बिएनवेन्यू १९९१ च्या आठवणींच्याही लेखिका आहेत आणि २००५ च्या इतिहासाच्याही सहलेखिका. एकच व्यक्ती, दोन वेगळे आवाज. 'लेखिकेचं मत' असं ढोबळ लिहू नका. कोणत्या पुस्तकातलं, कोणत्या भूमिकेतून, हे नेमकं सांगा.

आता भांड्याची उलटतपासणी

"हे भांडं माझ्या पणजीच्या आजीचं." फील्डवर्कला गेलात की हे वाक्य ऐकू येणारच. सांगणारी व्यक्ती खोटं बोलत नसते. तिलाही असंच सांगितलेलं असतं. पण बिडाच्या भांड्याचं एक बरं आहे: ते पालथं करता येतं.

बुडावर एक उंचवट्याची रेघ दिसली, तर साचा भरताना वितळलेलं लोखंड तिथून ओतलं असण्याची शक्यता असते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे मागे पडत गेली. कंपनीचा शिक्का असेल तर काम आणखी सोपं. ग्रिसवोल्ड ही पेनसिल्व्हेनियातल्या एरी गावची कंपनी, १८६५ ची, आणि तिचा तिथला कारखाना १९५७ मध्ये बंद झाला. वॅगनर ओहायोतली, १८९१ ची. लॉज टेनेसीतली, १८९६ ची, आणि ती अजून चालू आहे. म्हणजे लॉजचा शिक्का असलेलं भांडं अकेडियातून आलं असणं शक्यच नाही. ते रेल्वेच्या आणि दुकानाच्या काळातलं, कारखान्यात बनलेलं, बाजारातून विकत आणलेलं भांडं आहे.

यामुळे त्याची किंमत कमी होते का? मुळीच नाही. उलट प्रश्न जास्त रंजक होतो. औद्योगिक अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कारखान्यांत तयार झालेली वस्तू दक्षिण लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या घरात 'पूर्वजांची' कधी झाली? वस्तू जुनी कशी होते, हा संशोधनाचा प्रश्न आहे. 'वस्तू जुनी आहे' हे फक्त एक विधान.

आणि आता गंमत. दक्षिण लुइझियानातल्या केजन घरांत जाऊन विचारलंत की सर्वांत जिवापाड जपलेलं भांडं कोणतं, तर कितीतरी जण बिडाचं नाव घेणारच नाहीत. ते म्हणतील 'मॅग्नलाइट'. हे ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं ओतीव भांडं. रंगाने चकचकीत राखाडी, आकाराने बऱ्याचदा लंबगोल, घट्ट झाकणाचं. लग्नात भेट म्हणून दिलं जाणारं, आईकडून मुलीकडे जाणारं, भावंडांत वाटणीवरून रुसवे-फुगवे करवणारं. ते बाजारात आलं १९३४ मध्ये. आणलं कोणी? बिडाची भांडी करणाऱ्या त्याच वॅगनर कंपनीने. डिझाइन केलं जॉन गॉर्डन राइडाउट या औद्योगिक डिझायनरने.

घराघरात राखाडी भांडं जपलं जातंय आणि उत्सवाच्या नावात मात्र काळं भांडं आहे. असं का? एक शक्य उत्तर असं की काळं भांडं 'जुनं' दिसतं. १९३४ चं चकचकीत भांडं आजीचं असू शकतं, पण ते आदिकाळातलं वाटत नाही. प्रतीक म्हणून निवडलेली वस्तू आणि रोज वापरातली वस्तू वेगळ्या असू शकतात. प्रश्नावली तयार करताना 'तुमच्या घरी पारंपरिक बिडाचं भांडं आहे का?' असं विचारलंत, तर मॅग्नलाइट तुम्हाला कधीच सापडणार नाही. 'रोजचं जेवण कशात होतं? दाखवता का?' असं विचारा.

टोमॅटोचा सापळा

भांड्यांचा अभ्यास करताना एक मोह हमखास होतो: सगळं काही भांड्यानेच घडवलं असं म्हणण्याचा. उदाहरण घ्या. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल गंबोत टोमॅटो बऱ्याचदा असतो, केजन गंबोत तो सहसा नसतो. बिडाच्या भांड्यात आंबट पदार्थ जास्त वेळ शिजवला की तेलाचा थर खरवडला जातो आणि रश्श्याला लोखंडी चव येते. चला, कारण मिळालं! काळं भांडं होतं म्हणून केजन लोकांनी टोमॅटो टाळला.

किती सुबक सिद्धांत. पेपर लिहून मोकळं व्हावं असा.

पण थांबा. याच केजन घरांत 'सॉस पिकांत' होतं आणि माशाचं 'कूबियाँ' होतं, आणि दोन्हींत टोमॅटो भरपूर पडतो. भांड्याचा एवढा धाक असता तर हे पदार्थ झालेच नसते. म्हणजे धातूचा परिणाम असेलही, पण तो एकटा कारण नाही. टोमॅटो कुठे पिकत होता, कोणाकडून कोणते पदार्थ शिकले, शहर जवळ होतं की लांब, हे सगळं पाहावं लागेल.

इथून एक सवय उचला. सिद्धांत सुचला की आधी त्याला पाडणारं उदाहरण शोधा. समर्थनाची दहा उदाहरणं एका संध्याकाळीत गोळा होतात. पाडणारं एक उदाहरण शोधायला महिना लागतो, पण तोच महिना तुमचं काम वाचवतो.

त्याच बिडाच्या दुसऱ्या कढया

मघाशी एक प्रश्न बाकी ठेवला होता: रू येत होता, पण दाराबाहेर राहिले, ते कोण?

गंबो हा शब्दच घ्या. तो पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आला. हो, आपली भेंडीच. गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर तो शब्द आला. गंबोला वरून घालतात ती 'फिले' पूड म्हणजे ससाफ्रासच्या झाडाची वाळलेली पानं, आणि ते ज्ञान चॉक्टॉ या मूलनिवासी लोकांचं. रू फ्रेंच. एका वाडग्यात तीन खंडांचा इतिहास आहे, आणि वाडगा मात्र एकाच नावाने ओळखला जातो.

बिडाचंही तसंच. लुइझियानात १७९५ मध्ये एत्येन द बोरे याने मळ्यावर दाणेदार साखर काढली आणि त्यानंतर उसाचे मळे पसरले. रस आटवायला ओळीने मांडलेल्या प्रचंड बिडाच्या कढया असत. मोठीपासून लहानीपर्यंत त्यांना नावं होती: ग्रांद, फ्लाम्बो, सिरो, बात्री. एका कढईतून दुसरीत उकळता रस पळीने ओतण्याचं काम गुलाम माणसं करत, हंगामात दिवस-रात्र. भाजणं, पोळणं हे या कामाचा भागच होतं. पुढे न्यू ऑर्लिन्समध्येच जन्मलेला नॉर्बर्ट रिल्यू हा मिश्रवंशीय स्वतंत्र नागरिक, त्याने १८४३ आणि १८४६ मध्ये बंद भांड्यांत निर्वात पद्धतीने रस आटवण्याच्या यंत्राची पेटंटं घेतली आणि उघड्या कढयांची गरज हळूहळू संपत गेली. आज त्याच जुन्या कढया लुइझियानातल्या बागांमध्ये कारंजी आणि कमळाची कुंडं म्हणून दिसतात.

म्हणजे त्याच प्रदेशात, त्याच शतकात, एक बिडाचं भांडं जिवाला बरं वाटणारं जेवण शिजवत होतं आणि दुसरं माणसं भाजत होतं. दोन्हींचा रंग काळाच.

याचा अर्थ प्रत्येक केजन घर मळेवाल्याचं होतं, असा घेऊ नका. बरीच अकेडियन कुटुंबं छोटी शेतकरी होती, स्वतःच्या हातांनी राबणारी आणि स्वतःच रांधणारी. पण त्यांच्यात वर्ग पडले होते, हेही खरं. १८४३ ते १८४६ या काळात राज्याचा गव्हर्नर असलेला अलेक्झांद्र मूतों हा अकेडियन वंशाचा होता आणि उसाच्या मळ्याचा व अनेक गुलामांचा मालकही होता. त्याच्या घरी 'घरगुती जेवण' कोण करत असेल?

या प्रश्नाला आठवणींची पुस्तकं उत्तर देऊ शकत नाहीत. दुसरे सोर्स लागतात. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. माणूस वारल्यावर न्यायालयात दाखल होणाऱ्या मालमत्तेच्या याद्या आहेत, ज्यात घरातल्या वस्तूंची किमतीसह नोंद असते आणि ज्या जुन्या काळात फ्रेंचमध्ये लिहिलेल्या आहेत. एकाच घराच्या या दोन याद्या शेजारी ठेवल्या की भांडं कोणाच्या मालकीचं आणि ते हाताळत कोण होतं, याचा अंदाज येऊ लागतो. आफ्रिकन-अमेरिकन लेखकांच्या पाकपुस्तकांवर टोनी टिप्टन-मार्टिन यांचं 'द जेमिमा कोड' हे २०१५ चं पुस्तक आहे. त्यात अशा पुस्तकांचा दीड-दोन शतकांचा पट मांडलाय. ज्यांना कोणी विचारलं नाही असं आपण धरून चालतो, त्यातल्या कितीतरी जणींनी स्वतः लिहून ठेवलं होतं, हे त्यातून कळतं.

मग आठवणींचं करायचं काय?

एवढं सगळं वाचून काही जण म्हणतील, मग आठवणींची पुस्तकं बाजूलाच ठेवावीत. इथे माझं मत वेगळं आहे.

१९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानाच्या शाळांत इंग्रजी ही एकमेव शिक्षणभाषा केली. फ्रेंच बोलली म्हणून शाळेत मुलांना शिक्षा व्हायच्या. ती मुलं मोठी झाली आणि त्यांनी आपल्या मुलांशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं. 'केजन' हा शब्द एकेकाळी हिणवायला वापरला जाई. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या जतनासाठी संस्था स्थापन केली, १९७१ मध्ये २२ पॅरिशना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, मिळून 'अकेडियाना' हे अधिकृत नाव मिळालं. तोवर घरातली भाषा बरीच गेली होती. शेन बर्नार्ड यांच्या २००३ च्या 'द केजन्स' या पुस्तकात या अमेरिकीकरणाचा सविस्तर इतिहास आहे.

आता आपल्या पुस्तकांची सालं पुन्हा वाचा. १९८४. १९९१. भाषा हातातून निसटलेल्या पिढीने ही पुस्तकं लिहिली आणि वाचली. नातवंडांना आजीचं बोलणं कळेनासं झालं होतं, तिचा गंबो मात्र कळत होता. आईच्या भाषेतला प्रश्न इंग्रजीत विचारून झाल्यावर 'आमचं' असं म्हणायला उरलं काय? रू. भांडं. चव.

या नजरेने वाचलं की बिएनवेन्यूंच्या त्या नावातले तीन प्रश्न वेगळे ऐकू येतात. 'तुला फ्रेंच येते का?' हा चौथा प्रश्न तिथे नाही. तो विचारला असता तर वाचकांपैकी कितीतरी जण स्वतःच दाराबाहेर राहिले असते. न विचारलेला प्रश्न हा या पुस्तकातला सगळ्यांत मोठा पुरावा आहे, असं मला वाटतं.

म्हणजे १९९१ चं पुस्तक १८५० च्या स्वयंपाकघराबद्दल फार कमी सांगतं, पण १९९१ च्या मनाबद्दल पुष्कळ सांगतं. सोर्स खोटा नाही. आपण त्याला चुकीच्या काळाबद्दल विचारत होतो.

माझा निष्कर्ष आणि तुमचं काम

तिन्ही पुस्तकं वाचा, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. प्रुडोमचं पुस्तक घरचा स्वयंपाक बाजारात जाताना काय होतं हे दाखवतं. लेखक बदल मान्य करतो, वाचकांना मात्र तो बदल नको असतो, ही त्यातली खरी गोष्ट. बिएनवेन्यूंचं पुस्तक हरवणाऱ्या समाजाने काय घट्ट धरून ठेवलं, ते दाखवतं. दाराबाहेर कोण राहिलं ते त्यात शोधू नका, त्यासाठी दुसरीकडे जा. 'स्टर द पॉट'पासून सुरुवात करा आणि त्यातल्या इतिहासावर विश्वास ठेवा, पाककृतींना मात्र तारीख लावून वाचा.

आणि तुमच्या स्वतःच्या विषयासाठी, विषय कोणताही असो, हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

१. हा सोर्स कोणत्या वर्षी तयार झाला, आणि तो कोणत्या वर्षाबद्दल बोलतो? या दोन्हींत किती अंतर आहे?

२. वस्तू हातात घेता येते का? येत असेल तर ती पालथी करून पाहिली का?

३. माझा सिद्धांत पाडणारं एक तरी उदाहरण मी शोधलं का?

४. या गोष्टीत ज्यांचे हात आहेत पण नाव नाही, अशी माणसं कोण? त्यांच्यापर्यंत पोचवणारा दुसरा कोणता सोर्स आहे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी मिळत नाही. तसं असेल तर प्रबंधात तसं स्पष्ट लिहा, गाइड काही रागावत नाहीत. उत्तर शोधलंच नाही, आणि ते वाचकाला जाणवलं, तर मात्र रागावतात, आणि ते योग्यच आहे.

शेवटी, लोक मला विचारतात की इतक्या चिरफाडीनंतर त्या जेवणाची गोडी उरते का? उरते. उलट वाडग्यात भेंडीचं नाव कुठून आलं, पूड कोणी शिकवली, रू कोणी ढवळला आणि तो ढवळत असताना कोणती भाषा विसरली जात होती, हे कळल्यावर तो गंबो जास्त जपून खावासा वाटतो. प्रेम कमी करायला कोणी सांगत नाहीये. फक्त प्रेमाला पुराव्याच्या रकान्यात बसवू नका, त्याच्यासाठी प्रस्तावनेत आभाराचं पान असतं.